तुह्या खुर्चीवर कोण बसन?

बक्षीजींना मी एक पूर्ण हिवाळा खोटं सांगत होतो की माझी आई आजारी आहे. आई तेव्हा ठणठणीत होती. हे सुरुवातीलाच लिहून टाकतो, कारण बक्षीजींबद्दल काहीही चांगलं लिहायला बसलो की हे वाक्य मध्ये येऊन उभं राहतं, आणि मग पुढचं माझं मलाच खरं वाटत नाही.

छत्तीसगड नुकतंच वेगळं राज्य झालं होतं आणि रायपूर राजधानी. आमच्या वीज कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये मी शिफ्ट इंजिनियर होतो. कुठल्या जिल्ह्याला किती वीज जाते, कुठे तोडायची, कुठे परत द्यायची, हे त्या खोलीतून चाले. एक मोठी खुर्ची, समोर चार फोन आणि भिंतभर दिवे. खुर्ची कधीही रिकामी ठेवायची नाही, हा तिथला पहिला नियम. पुढच्या शिफ्टचा माणूस, ज्याला आम्ही रिलीव्हर म्हणायचो, तो येऊन बसेपर्यंत आधीच्यानं उठायचं नाही. मग त्याच्या घरी लग्न असो की मयत. दुपारी दोनला मी ज्यांच्याकडून खुर्ची घेत असे ते मुकुंद बक्षी.

बुटके, रुंद, पांढऱ्या अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात कायम भाजलेल्या फल्लीदाण्याची, म्हणजे शेंगदाण्यांची, पुडी. भोसल्यांच्या काळात त्यांच्या घराण्यातलं कोणीतरी नागपूरहून हिशेबनीस म्हणून आलं आणि इथेच राहिलं. बक्षीजी त्याचा अभिमान वगैरे बाळगत नसत. "आमचे पूर्वज वसुलीले आले होते," ते म्हणायचे, "वसुली करून परत जायाचं विसरले." बोलणं वऱ्हाडी, त्यात हिंदी, मध्येच छत्तीसगडी 'हव'. या 'हव'ला ते असा दम द्यायचे की होकारासोबत समोरच्याची जबाबदारीही त्यांनी उचलली आहे असं वाटे.

खुर्ची देण्याची त्यांची रीत वेगळी होती. बाकीचे लोक उठता उठता दोन गोष्टी सांगून स्कूटरची किल्ली शोधायला लागत. बक्षीजी आधी मला बसवायचे. मग स्वतः मागे उभे राहून खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचे, कुठली लाइन बंद आहे, कोणाला काय कबूल केलं आहे ते सगळं सांगायचे, आणि म्हणायचे, "आता बोल. तुले काय समजलं?"

मी सगळं माझ्या शब्दांत परत सांगायचो. काही राहिलं तर हात हलायचा नाही. सगळं बरोबर आलं की खुर्चीच्या पाठीवरचा तो भार उचलला जायचा आणि मागे दाणे चावल्याचा आवाज यायचा. शिफ्ट संपली.

सुरुवातीला मला याचा राग येई. "बक्षीजी, मी काय शाळेतला पोट्टा आहे का?" मी एकदा म्हटलं.

"नाही ना. शाळेतल्या पोट्ट्याच्या चुकीनं त्याचाच मार्क जाते. तुह्या चुकीनं धमतरीचा दवाखाना अंधारात जाते. बोल."

त्या दिवसांत गेटसमोरच्या चहाच्या टपरीवर एकच विषय असे. नवी राजधानी कुठे बसणार. कोणाचा साळा मंत्रालयात होता, कोणाला नकाशा पाहिलेला माणूस माहीत होता. टपरीशेजारी फोटोकॉपीचं दुकान चालवणारा गुड्डू बघता बघता जमिनीच्या धंद्यात शिरला आणि मोटरसायकलवर लोकांना तेलीबांध्याच्या पुढे शेतं दाखवायला नेऊ लागला. कंट्रोल रूममधला निम्मा स्टाफ त्याच्या मागे. आणि हे सगळे लोक पैसे देण्याआधी सल्ला घ्यायला यायचे बक्षीजींकडे, ज्यांच्या नावावर हातभर जमीन नव्हती. पुरानी बस्तीत, एका किराणा दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर ते भाड्यानं राहत.

ते प्रत्येकाला एकच विचारायचे, "त्या जागेवर बसून डबा खाल्ला का?"

लोक हसत. पण ते थट्टा करत नव्हते. मी माझ्यासाठी पहिली जागा पाहायला गेलो तेव्हा त्यांना सोबत घेतलं होतं. गुड्डूनं हात पसरून दाखवलं, इथून रस्ता जाईल, तिथे मार्केट येईल. बक्षीजींनी बांधावर वर्तमानपत्र अंथरलं, डबा उघडला, पोळीभाजी खाऊ लागले. गुड्डू घड्याळाकडे पाहत होता. "अंकल, पार्टी और भी हैं."

"तो उनको दिखाओ ना बेटा. मैं खाना खा रहा हूँ."

जेवण झालं, दाणे झाले, तरी बसलेच. मग उठून धोतर झटकावं तशी पँट झटकली आणि मला म्हणाले, "इथं घेऊ नको."

"काहून?"

"इतका वेळ झाला, पोळीचा वास सुटला, एक कुत्रा आला नाही. जिथं कुत्रा राहाले तयार नाही तिथं तू काय करशीन?"

मी नाही घेतली. त्या जागेवर आज मोठी इमारत आहे, कुत्र्यांसकट. पुढे भाव चढले तेव्हा लोकांनी बक्षीजींना खूप छेडलं. तेही हसले. "मी राहाच्या जागेचं सांगतो भैया. भावाचं मले समजत असतं तर मी दुसऱ्या मजल्यावर राहिलो असतो का?"

तरी माझ्या डोक्यातून ते जाईना. माझे वडील रेल्वेत होते. गोंदिया, बिलासपूर, रायपूर, जन्म क्वार्टरमध्ये गेला. निवृत्तीच्या दिवशी आमच्याकडे सामान होतं आणि ठेवायला भिंत नव्हती. आता वडील नव्हते, चौबे कॉलोनीत भाड्याच्या घरात मी, बायको, मुलगी आणि आई. नोकरी अशी की सणाला घरी नाही, रविवार कोणत्या वारी येईल ते माहीत नाही. वाटे, या नोकरीसोबत हे एक जोडकाम सुरू केलं, एक घ्यायची, एक विकायची, तर दहा वर्षांत माणसासारखं जगू. एक दिवस खुर्ची घेतल्यावर मी त्यांना सरळ विचारलं. "बक्षीजी, नोकरी सांभाळून मी हे जमिनीचं सुरू करू का?"

ते जिन्यापर्यंत गेले होते, परत आले. "कर ना. वाईट काय आहे त्याच्यात. फक्त हे सांग, तू जमीन पाहाले जाशीन तेव्हा तुह्या खुर्चीवर कोण बसन?"

"सुट्टीच्या दिवशी जाईन."

"जमीन विकणारा तुही सुट्टी पाहून येत नाही बाबू."

ते बरोबर होतं. गुड्डूचा फोन नेमका दुपारी यायचा. मालक आज गावात आहे, उद्या नाही. पहिल्यांदा मी कंट्रोल रूममध्ये फोन करून सांगितलं, आईला बरं वाटत नाही, थोडा उशीर होईल. तोंडात तेच आलं. माझ्या आईला ताई म्हणणारे बक्षीजी म्हणाले, "हव. तू ताईजवळ राह्य. मी बसतो."

एवढं सोपं होतं. मग ते होतच गेलं. मी संध्याकाळी धूळभरल्या बुटांनी पोचायचो, ते उठायचे, मला बसवायचे, आणि लाइनींच्या आधी विचारायचे, "ताई कशा आहे?" मी सांगायचो. आधी गुडघे, मग बीपी, मग दम लागतो. खोट्याला तब्येतीसारखीच रोज काळजी घ्यावी लागते, कालचं आज विसरून चालत नाही.

माझं एकच गणित चुकलं. आपल्या लोकांत आजारी माणसाला भेटायला जातात, हे मी विसरलो.

एका दुपारी ते सकाळची शिफ्ट संपवून, मी वेळेवर आलो होतो म्हणून मोकळे झालेले, थेट माझ्या घरी गेले. हातात स्टीलचा डबा, त्यात त्यांच्या बायकोनं, आमच्या वहिनींनी, केलेलं मुगाचं कढण. आई तेव्हा शिडीनं गच्चीवर चढून कोहळ्याच्या वड्या घालत होती, ज्यांना इथे रखिया बडी म्हणतात. कोपरापर्यंत पीठ. खाली आवाज ऐकून ती शिडीवरून तरातरा उतरली.

रात्री घरी आलो तर आई जागी होती. म्हणाली, "बक्षीभाऊ आले होते."

मी बूट काढत होतो, काढतच राहिलो.

"मुगाचं कढण आणलं होतं. मी म्हटलं, काहून हो, कोण आजारी आहे? तर म्हणाले, कोणी नाही ताई, वड्या पाहाले आलो होतो. मग कढण स्वतःच प्याले. एक वाटी मले देल्ली. चांगलं होतं." मग म्हणाली, "अनिल, कोण आजारी आहे रे?"

मी बूट उचलून कोपऱ्यात नेऊन ठेवले. आईनं परत विचारलं नाही. ती माझ्यासाठी गरम करत असलेली भाजी तशीच ठेवून झोपायला गेली.

दुसऱ्या दिवशी मी वेळेच्या कितीतरी आधी पोचलो. बक्षीजींनी मला बसवलं, खुर्चीवर हात ठेवला, लाइनी सांगितल्या. तब्येत विचारली नाही. जाताना म्हणाले, "वड्या छान घालते ताई. वाळल्या की चार आणशीन." बस.

मी त्या क्षणी उठून सांगायला हवं होतं. त्याऐवजी, पुढच्याच आठवड्यात गुड्डूचा फोन आला. तलावाकाठची एक जागा आहे, मालकाला दुसरी पार्टी संध्याकाळी भेटणार आहे, त्याआधी बयाना, म्हणजे इसार, दिला तर आपली. मी कंट्रोल रूमला फोन लावला. आता आईचं नाव घ्यायला जीभ वळेना. "बक्षीजी, जरा काम निघालं," एवढंच म्हटलं.

ते म्हणाले, "ताईची तब्येत ना?"

ते माझं खोटं माझ्याच हातात देत होते. हवं तर घे. नको असेल तर ही वेळ आहे.

मी म्हटलं, "हो."

"आज मले संध्याकाळच्या आत एका ठिकाणी जायाचं होतं," ते म्हणाले. मग लगेच, "पण असू दे. येशीन तेव्हा ये."

दुसरी पार्टी कोण, हे मी गुड्डूला विचारलं नाही. ऐन दिवेलागणीला, बयाना देऊन, मी खुर्ची घ्यायला पोचलो. बक्षीजींनी सगळ्या लाइनी सांगितल्या, मी सगळ्या परत म्हटल्या, हात उचलला गेला. दाण्यांचा आवाज मात्र आला नाही. मागे पाहिलं तर ते खिडकीशी उभे होते. बाहेर बघण्यासारखं काही उरलं नव्हतं, अंधार पडला होता.

पंधरवड्यानं रजिस्ट्री झाली आणि मी एकटाच माझी जागा पाहायला गेलो. तलावाच्या कडेला पळसाचं झाड. झाडाखाली चपटे दगड एकावर एक रचून बसायला जागा केलेली. एक बैठक बुटकी, दुसरी खुर्चीएवढी उंच. खाली फल्लीची टरफलं. गवत कापणारी एक म्हातारी विळा हातात घेऊन जवळ आली. "ओ डब्बा वाले साहब अउ बाई अब नइ आवय का?" तिनं विचारलं.

मी विचारलं, येत नाहीत ते साहेब कोण. तिनं हातानं उंची दाखवली, रुंदी दाखवली. बाईंचे गुडघे दुखतात, खाली बसता येत नाही, म्हणून साहेबांनी तो उंच दगड लावला. पावसाळ्यात आले, दिवाळीनंतर आले. तिच्यासाठीही पोळी आणायचे. आणि एका कुत्र्याला लळा लावून ठेवला होता त्यांनी. ते कुत्रं म्हातारीच्या मागेच उभं होतं आणि माझ्या हाताकडे बघत होतं.

मी त्या उंच दगडावर बसलो. बक्षीजींनी आयुष्यात एकच जागा पसंत केली होती. ती घ्यायला निघालेला माणूस माझ्या खुर्चीत बसून राहिला आणि मी इथे आलो. तोवर मला वाटत होतं हा धंदा पैशानं होतो. माझा तर दुसऱ्याच्या वेळानं झाला होता.

जागा तेव्हा परत करता आली असती. त्याच भावात द्यायची, माफी मागायची, संपलं. मी रोज ठरवायचो आणि रोज दुपारी दोनला त्यांच्या हाताखाली बसून फक्त लाइनी म्हणायचो. मग त्या बाजूला रस्ता जाहीर झाला. भाव असे चढले की परत करणं म्हणजे मूर्खपणा, असं मला घरात कोणालाही न विचारताच पटलं. मी ती विकली आणि चौबे कॉलोनीत तळमजल्याचं घर घेतलं. दुसरी जागा कधी घेतली नाही. त्यात चांगुलपणा नव्हता. प्रत्येक शेतात मला आधी टरफलंच दिसायची.

बक्षीजी निवृत्त झाले. शेवटच्या दिवशी खुर्ची त्यांनी मलाच दिली, नेहमीसारखीच. हारतुरे घेऊन दारात लोक थांबलेले, आणि हे मागे उभे राहून म्हणतात, "बोल, काय समजलं." पुढे ते त्याच दुसऱ्या मजल्यावर राहिले. भाव त्यांच्या हाताबाहेर गेले होते आणि वहिनींच्या गुडघ्यांना जिना झेपत नव्हता. गणपतीत, लग्नात बक्षीजी एकटे दिसायचे. वहिनी कुठे विचारलं की म्हणायचे, "ती वर आहे." जसं कोणी बाहेरगावी असावं. मी दुरून नमस्कार करून पंगतीचं टोक बदलायचो.

आता मी त्या खुर्चीतला सर्वांत जुना माणूस आहे. नवी राजधानी केव्हाच वसली. नवे इंजिनियर मोबाइलवर प्लॉटचे फोटो दाखवून विचारतात, "सर, जॉब के साथ ये शुरू कर लूँ क्या?" मी त्यांना बक्षीजींचा खुर्चीचा प्रश्न विचारतो. ते हसतात. कोणाचा आहे ते मी सांगत नाही.

मागच्या हिवाळ्यात आई खरोखर आजारी पडली. आधी गुडघे धरले, मग बीपी वाढलं, मग दम लागू लागला. मी जी जी लक्षणं तेव्हा रचली होती ती एकेक करून आली, अगदी त्याच क्रमानं. एका सकाळी उशीला टेकून ती म्हणाली, "बक्षीभाऊले कळवलं का?"

"कळवतो."

"फोन नको करू. जाऊन सांग." मग डोळे मिटून, "तुले सांगता येत नसन तर मी चिठ्ठी देतो."

इतकी वर्षं तिनं एक शब्द काढला नव्हता.

पुरानी बस्तीतला तो जिना अरुंद आहे, पायऱ्या उंच आहेत. मी दोनदा थांबलो. वर बक्षीजी बनियनवर बसून दाणे सोलत होते, बरेच वाळलेले, तरी रुंदच. वहिनी खिडकीशी खुर्चीत. मी बसलोही नाही. म्हटलं, "बक्षीजी, आई आजारी आहे."

हे वाक्य मी किती वेळा म्हटलं होतं. कोणीही दुसरा असता तर एक क्षण तरी माझ्याकडे पाहिलं असतं. बक्षीजी उठले. "हव," म्हणाले. शर्ट चढवला, आत गेले. वहिनी खुर्चीतूनच सांगत होत्या, मुगाची डाळ कोणत्या डब्यात आहे, आलं किती घालायचं. कढण बक्षीजींनीच केलं. मी उभा होतो.

उतरताना डबा त्यांनी माझ्या हातात दिला नाही. एका हातानं कठडा, एका हातात डबा, एकेक पायरी. मधल्या वळणावर दम घ्यायला थांबले. तिथे मी सुरू झालो. सगळं सांगितलं. गुड्डूचे फोन, गुडघे, बीपी, तो "हो", पळसाखालचे दगड, कुत्रं, रस्ता, घर. मी सांगत असताना ते कठड्यावरच्या स्वतःच्या हाताकडे बघत होते.

"झालं?" ते म्हणाले.

"झालं. तुम्हाला माहीत होतं?"

"गुड्डूनं पेढे वाटले होते ना गेटवर. तुह्या नावाचे."

"मग बोलला काहून नाहीत?"

"काय बोलू? खुर्ची माही होती. मले कोणी बांधलं नव्हतं, उठलो असतो तर उठलो असतो." त्यांनी डबा या हातातून त्या हातात घेतला. "राग होता. लय दिवस होता. लाइनी सांगाचो तुले, ते कामाचं बोलणं होतं. त्याच्यावर काही बोलाची इच्छा नव्हती. मग तोही जुना झाला."

"बक्षीजी, मला माफ..."

"मले नको सांगू," ते मध्येच म्हणाले, नेहमीच्याच आवाजात. "माहं काही अडलं नाही. मी चढतो-उतरतो. जागा तिनं पसंत केली होती. दगड तिच्यासाठी लावला होता. वर जा, तिले सांग. मी इथं उभा आहो."

"आई वाट पाहत असेल."

"कढण गरम आहे. जा."

त्यांनी पाठ भिंतीला टेकवली आणि डबा पोटाशी धरला. तिथून वर जाताना एकदा मागे पाहिलं. त्या अर्ध्या उजेडात ते अगदी तसेच उभे होते, समोरच्यानं सगळं नीट म्हणेपर्यंत न हलणारे.

वहिनी खिडकीतून खाली बघत होत्या, आम्ही रस्त्यावर कधी दिसतो ते. मला परत आलेला पाहून म्हणाल्या, "काय राहिलं, भाऊ?"

मी त्यांच्या खुर्चीसमोर फरशीवर बसलो.

"वहिनी, तलावाकाठची ती पळसाची जागा मी घेतली होती. बक्षीजींना माझ्या खुर्चीत बसवून घेतली. तुमची होती हे कळल्यावरही परत केली नाही. तुम्ही इतकी वर्षं वर राहिलात ते माझ्यामुळे. मला माफ करा."